नव्या डब्यात जुना हिशेब

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० वरून हात काढून घेतला. त्यानंतर आठवड्यावर लक्ष्मीपूजन होतं. धानाच्या गावात या दोन तारखा अशा शेजारी-शेजारी येणं फारसं सोयीचं नसतं. सरकारी हिशेबात धान खरेदीचं वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि पुढच्या ३० सप्टेंबरला संपतं. दिवाळीच्या सुमारास हलका धान बांधीत पिवळा पडलेला असतो, मिलवाले पट्टे आणि चाळण्या दुरुस्त करून बसलेले असतात, पेढ्यांवर नव्या वह्यांच्या पूजेची तयारी चाललेली असते. हल्ली कुंकवाचं एक बोट की-बोर्डलाही लागतं. अशा ऐन मोक्याला पडद्यावर रोज एक पाटी झळकू लागली: तुमच्या मशीनला आता सुरक्षेचे अपडेट मिळणार नाहीत, विंडोज ११ घ्या.

घ्या म्हटलं म्हणून घेता येत नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा, म्हणजे साधारण २०१७ नंतरचा लागतो. राइस मिलच्या ऑफिसातला कॉम्प्युटर इतका तरणा क्वचितच असतो. तुसाची धूळ खात, पंखा घरघरत तो वर्षानुवर्षं चालतो आणि चालतो तोवर त्याच्याकडे कोणी बघत नाही. शेवटी गोंदियात बऱ्याच जणांनी नवा डबा घेतला. जुन्यातला डेटा पेनड्राइव्हवरून नव्यात आला, आणि दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले: ‘शीट खुलून नाही राहिली ना!’

हे फोन ज्यांना येतात ती पोरं बाजारातल्या चिंचोळ्या गाळ्यांत बसतात. कार्ट्रिज रिफिल, सीसीटीव्ही, ऑनलाइन फॉर्म, विंडोज ‘मारणं’, सगळं तिथेच. त्यांतल्या एकाबरोबर मी त्या हंगामात मिलमिल हिंडलो. नाव छापू नका म्हणाला. गिऱ्हाइकांच्या कॉम्प्युटरमध्ये काय काय असतं हे त्याला माहीत असतं, त्यामुळे त्याचं म्हणणं मला पटलं. एका मिलमधले वयस्क मुनीमजी त्याला बाबू म्हणतात. आपणही बाबूच म्हणू.

मुनीमजींची शीट हाच या लेखाचा मुख्य ऐवज असल्यामुळे ती आधी समजून घेतली पाहिजे. आपल्याकडे सरकारसाठी धान खरेदी करणाऱ्या यंत्रणा मुख्यतः दोन: राज्य सहकारी पणन महासंघ आणि आदिवासी विकास महामंडळ. त्यांच्या केंद्रांवरचा धान मिलवाला उचलतो, भरडतो आणि तांदूळ सरकारी गोदामात जमा करतो. अरव्याचा, म्हणजे न उकडलेल्या तांदळाचा, उतारा ६७ टक्के आणि उसन्याचा, म्हणजे उकडलेल्याचा, ६८ टक्के धरलेला आहे. म्हणजे १०० क्विंटल धानामागे ६७ क्विंटल अरवा तांदूळ, ५० किलोची १३४ पोती, द्यायचीच. तुमच्या मिलमध्ये खरोखर किती निघाला, कणी किती पडली, हा तुमचा प्रश्न. कोंडा, कणी आणि तूस यांचा हिशेब निराळा. कोणत्या डीओवर (डिलिव्हरी ऑर्डरवर), कोणत्या केंद्रावरून, कोणत्या गाडीने किती कट्टे उचलले, धर्मकाट्यावर वजन किती भरलं, बारदाना किती आला, किती परत गेला, हमाली, भाडं. हे सगळं एका फाइलमध्ये, एकमेकांना सूत्रांनी बांधलेलं.

ही फाइल मुनीमजींनी २००४ च्या सुमाराला एक्सेल २००३ मध्ये स्वतः बांधली. तालुक्या-तालुक्यात एमएस-सीआयटीचे वर्ग निघाले तो हा काळ. थोडं त्या वर्गात शिकले, बाकीचं गरजेने शिकवलं. तेव्हापासून दर हंगामाला तीच फाइल नव्या नावाने सेव्ह करायची, आकडे पुसायचे, सूत्रं ठेवायची. एक्सेल २००३ आणि विंडोज एक्सपी या दोघांचा पाठिंबा मायक्रोसॉफ्टने एकाच दिवशी, ८ एप्रिल २०१४ ला थांबवला होता. मुनीमजींना त्याची खबरही नव्हती, आणि ती नसल्याने त्यांचं काही अडलं नव्हतं.

‘खुलून नाही राहिली’ या एका वाक्याखाली निरनिराळे आजार येतात. बाबू पहिला प्रश्न विचारतो तो फाइल किती सालची आहे हा.

सगळ्यात जुना रोगी आम्हाला एका व्यापारी पेढीवर भेटला: लोटस १-२-३ ची फाइल, डॉट डब्ल्यूके-वन अशा शेपटीची, नव्वदच्या दशकापासूनच्या उधारीची. नव्या वाचकांना लोटस हे नाव ठाऊक नसेल. हिशेबाच्या शीटचा पहिला गाजलेला प्रोग्रॅम व्हिजिकॅल्क. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन या दोघांनी तो १९७९ मध्ये अ‍ॅपल-टू या मशीनसाठी आणला. आयबीएमचा पीसी १९८१ मध्ये आला आणि जानेवारी १९८३ मध्ये मिच केपोरच्या कंपनीने लोटस १-२-३ बाजारात उतरवलं. केपोर आधी महर्षी महेश योगींच्या पद्धतीचं ध्यान शिकवत असे. कंपनीचं नावही त्याने पद्मासनावरून ठेवलं. पुढची दहा वर्षं ऑफिसातला हिशेब म्हणजे लोटस असं समीकरण होतं. १९९५ मध्ये आयबीएमने साडेतीन अब्ज डॉलर मोजून ती कंपनी विकत घेतली, तोवर एक्सेल पुढे निघून गेलं होतं. २०१४ मध्ये आयबीएमने लोटस १-२-३ चा पाठिंबाही संपवला. पण ज्यांची बोटं लोटसवर घडली ते आजही मेनूसाठी तिरकी रेघ, म्हणजे स्लॅश, दाबतात. गंमत अशी की नव्या एक्सेलमध्येसुद्धा ती दाबली की मेनू जागा होतो. मायक्रोसॉफ्टने ही खोड इतकी वर्षं सांभाळली आहे.

पेढीवाल्याच्या मुलाने लोटसचं अख्खं फोल्डर नव्या कॉम्प्युटरवर उतरवून त्यावर डबल-क्लिक केलं होतं. हा प्रोग्रॅम तुमच्या पीसीवर चालणार नाही, असं सरळ उत्तर आलं. मग त्याने ‘कंपॅटिबिलिटी’च्या टॅबमध्ये जाऊन विंडोज ९५ निवडून पाहिलं, एक्सपी निवडून पाहिलं, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवून पाहिलं. यात लोकांच्या दुपारच्या दुपारी जातात, म्हणून स्पष्ट सांगतो: त्या टॅबमध्ये या दुखण्याचं औषध नाही. डॉसचे जुने प्रोग्रॅम १६-बिटचे आहेत. ते चालवणारा भाग ३२-बिट विंडोजमध्ये होता. ६४-बिट विंडोजमध्ये तो ठेवलेलाच नाही, आणि विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्येच येतं.

बाबूने विचारलं, ‘भाऊ, तुम्हाला लोटस पाहिजे की आकडे पाहिजेत?’ बहुतेकांना आकडेच हवे असतात. एक्सेलने २००७ च्या आवृत्तीपासून लोटसच्या फायलींना दार बंद केलं, पण लिब्रेऑफिस हा फुकट मिळणारा संच त्या अजून वाचतो. पेढीवाल्याची फाइल त्यात उघडली, एका नव्या नावाने एक्सेलच्या रूपात सेव्ह केली, काम झालं. तारखांच्या रकान्यात मात्र एक मौज दिसली. लोटसच्या तारखेच्या सूत्रात २००० साल १०० असं लिहावं लागे, कारण त्याची वर्षं १९०० पासून मोजलेली. त्यामुळे २००० च्या पुढच्या नोंदींत ज्याने सूत्र नीट लिहिलं त्याचं बरोबर आणि ज्याने नुसतं शून्य टाकलं त्याची उधारी १९०० सालची. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला तो १ मे १९९९ ला, म्हणजे या दोन-आकडी वर्षांची धास्ती जगभर पसरली होती त्याच वर्षी.

ज्यांना खरोखर लोटसच हवं असतं, तेही थोडे आहेत. त्यांच्यासाठी डॉसबॉक्स. जुने गेम खेळता यावेत म्हणून हौशी मंडळींनी लिहिलेला हा प्रोग्रॅम नव्या मशीनच्या पोटात जुनं डॉसचं मशीन उभं करतो. त्याचंच एक भावंड, डॉसबॉक्स-एक्स, छपाईही करून देतं. २०२२ मध्ये टॅव्हिस ऑर्मंडी या गूगलमधल्या सुरक्षा-संशोधकाने तर लोटसची जुनी युनिक्स आवृत्ती शोधून काढून आजच्या लिनक्सवर थेट चालवून दाखवली. केवळ हौस म्हणून! अशा माणसांमुळे जगातले पुष्कळ हिशेब जिवंत आहेत आणि त्यांचे आभार कोणी मानत नाही.

छपाईचा विषय निघाला म्हणून. काट्याच्या पावत्या अजून बऱ्याच ठिकाणी डॉट-मॅट्रिक्सवर निघतात, कारण तीन प्रती एका ठोक्यात लेझरवर निघत नाहीत. जुना प्रोग्रॅम एलपीटी-वन नावाच्या खिडकीकडे छपाई पाठवतो, आणि नव्या डब्याला ती रुंद पंचवीस पिनांची खिडकीच नसते. बाजारात यूएसबीची वायर मिळते. एक्सेलला ती पुरते, डॉसच्या प्रोग्रॅमला पुरत नाही. त्याला एलपीटी-वनच हवी असते, मग ती खरी असो की डॉसबॉक्स-एक्सने भासवलेली.

आता मुनीमजींच्या एक्सेलकडे. त्यांच्या नव्या डब्यात दुकानदाराने नवं एक्सेल घालून दिलं होतं. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवरून आली तर वर पिवळी पट्टी येते आणि काही लिहिता येत नाही. ‘एनेबल एडिटिंग’ दाबलं की सुटते. मॅक्रो, म्हणजे शीटमध्ये लिहून ठेवलेल्या आज्ञा, असतील तर लाल पट्टी येते आणि तिला असं काही बटणच नसतं. इंटरनेटवरून आलेल्या फायलींतले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून मुळातच अडवलेत. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘अनब्लॉक’ला खूण करावी लागते, आणि ती करण्याआधी फाइल कोणाकडून आली हे आठवावं. मॅक्रो ३२-बिट काळात लिहिलेला आणि ऑफिस ६४-बिटचं, असं असेल तर काही मॅक्रो अडतात. त्यांची दुरुस्ती करणारा माणूस लागतो किंवा ऑफिस काढून ३२-बिटचं टाकावं लागतं. हे सगळे आजार दवंडी पिटत येतात. पट्टी दिसते, घंटा वाजते, माणूस फोन करतो. बाबूला त्यांची काळजी नसते.

त्याला धास्ती असते ती गुपचूप उघडणाऱ्या फाइलची. मुनीमजींची तशीच उघडली. रंग तेच, रकाने तेच, वर ‘कंपॅटिबिलिटी मोड’ एवढंच जादा. मुनीमजी खूश. काही दिवसांनी त्यांनी फोन केला: ‘बाबू, आवक मेमध्ये कशी काय चालली रे?’

आम्ही गेलो तेव्हा त्यांनी तारखेच्या रकान्यावर बोट ठेवलं. तो रकाना मी बराच वेळ पाहत बसलो. काही तारखा चौकटीच्या उजव्या कडेला टेकलेल्या, काही डाव्या. पाच, सहा, सात, अकरा, बारा नोव्हेंबरच्या उजवीकडे. तेरापासून पुढच्या डावीकडे. नव्या विंडोजमध्ये प्रदेश ‘युनायटेड स्टेट्स’ असा राहून गेला होता, आणि अमेरिकेत महिना आधी लिहितात, दिवस मागून. मुनीमजींनी टाइप केलं ०५/११/२०२५. एक्सेलने वाचलं ११ मे. तेरावा महिना नसल्यामुळे १३/११ ही तारीख त्याला समजलीच नाही. तिला त्याने नुसती अक्षरं म्हणून डावीकडे सारलं. तारीख म्हणजे एक्सेलच्या लेखी एक आकडा असतो, १ जानेवारी १९०० पासून मोजलेला. ५ नोव्हेंबर २०२५ चा आकडा ४५९६६, ११ मे २०२५ चा ४५७८८. फरक १७८ दिवसांचा.

दुसऱ्या एखाद्या जिल्ह्यात हे वेडंवाकडं लगेच दिसलं असतं, कारण मेमध्ये धानाची आवक कशाला असेल? पण आपल्याकडे मेमध्ये उन्हाळी धान येतो! शीटने नोव्हेंबरचे कट्टे मुकाट्याने आधीच्या हंगामाच्या खात्यात नेऊन टाकले आणि तिथे ते अगदी शोभून दिसले. डावीकडे सरकलेल्या तारखांचे कट्टे तर कोणत्याच महिन्यात गेले नाहीत. जुन्या नोंदी मात्र बरोबर होत्या, कारण त्यांचे आकडे जुन्या मशीनवर आधीच ठरून गेलेले. म्हणजे एकाच रकान्यात तीन जातींच्या तारखा. उपाय दोन मिनिटांचा: विंडोजच्या सेटिंगमध्ये प्रदेश भारत करायचा. पण त्याने पुढचं सुधारतं. मागचं हाताने वेचावं लागतं. मुनीमजी काटा-पावत्यांचा गठ्ठा घेऊन बसले आणि एकेक तारीख वाचू लागले, बाबू दुरुस्त करू लागला.

प्रदेश भारत केला तसं आणखी एक झालं: स्वल्पविराम जागेवर आले. तोवर शीटमध्ये १,२३४,५६७ असं दिसत होतं, आता १२,३४,५६७ दिसू लागलं. खरं सांगायचं तर मुनीमजींना तारखेपेक्षा याचंच समाधान जास्त झालं. आठवडाभर ते दशलक्षात लाख शोधत होते.

तारखेच्या आकड्यांत एक जुनी चूकही पुरलेली आहे. लोटसने १९०० हे लीप वर्ष मानलं, जे ते नव्हतं. त्याच्या मोजणीत ६० वा दिवस २९ फेब्रुवारी १९००, जो कधी उगवलाच नाही. एक्सेलने लोटसच्या फायली चालाव्यात म्हणून ही चूक जाणूनबुजून उचलली आणि ती आजही तशीच आहे. आणि तारखा ओळखण्याचा एक्सेलचा हा उतावळेपणा गोंदियापुरता नाही. मानवी जनुकांपैकी काहींची लघुनावं मार्च आणि सप्टेंबरसारखी दिसत, एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकी. शेवटी २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी जनुकांचीच नावं बदलली. एक्सेल बदलण्यापेक्षा ते सोपं वाटलं असावं.

दुसरा गुपचूप आजार बेरजेचा. जुनी मशीन मंद होती, एक आकडा टाकला की अख्खी शीट पुन्हा मोजली जाई आणि पडदा गोठे. म्हणून पुष्कळांनी आपोआप मोजणी बंद करून ठेवली होती. काम संपलं की एफ-नाइन दाबायचं. ही सवय फाइलच्या आत जपून राहते. नव्या मशीनवर अशी फाइल सकाळी सगळ्यांत आधी उघडली, की त्या बैठकीत उघडलेल्या सगळ्याच फायलींना एक्सेल तोच नियम लावतं. आकडे टाकत राहा, खालची बेरीज काल होती तीच. खाली डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘कॅल्क्युलेट’ असं लिहिलेलं येतं, तेवढीच काय ती खूण. नव्या मुनीमाला एफ-नाइन ठाऊक नसतं. जुन्याला ते सांगण्यासारखं वाटत नाही.

तिसरा आजार मी एका सेवा सहकारी संस्थेत पाहिला. खरेदीची नोंद आता ऑनलाइन पोर्टलवर होते, तरी पडताळ्याला संस्थेची स्वतःची शीट असतेच. त्या शीटमधला हमीभाव दुसऱ्या एका फाइलमधून येत होता आणि ती फाइल जुन्या मशीनच्या डी ड्राइव्हवर होती. नव्या डब्याला डी ड्राइव्हच नाही. फाइल उघडताना एक्सेल विचारतं, जोडण्या ताज्या करू का? गोंधळ नको म्हणून माणूस ‘नको’ म्हणतो. मग एक्सेल शेवटचा आठवत असलेला भाव दाखवत राहतं. साधारण धानाचा हमीभाव २०२४-२५ ला २,३०० रुपये होता, २०२५-२६ ला २,३६९ झाला. क्विंटलमागे ६९ रुपये, १०० क्विंटलला ६,९००. पोर्टलवरचा आकडा आणि संस्थेचा आकडा जुळेना, आणि सगळे पोर्टलला शिव्या देत बसले होते! पोर्टल शिव्या खाण्यासारखं अनेकदा वागतं, पण या वेळी ते निर्दोष होतं.

अशा मूक चुकांचं एक मोठं उदाहरण इंग्लंडमधलं आहे. २०२० च्या सप्टेंबरअखेरीला तिथल्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत प्रयोगशाळांकडून आलेले कोरोनाचे निकाल जुन्या डॉट-एक्सएलएस रूपाच्या शीटमध्ये ओतले जात होते. त्या रूपाला ६५,५३६ ओळींची मर्यादा आहे; २००७ पासूनच्या नव्या रूपात ती १०,४८,५७६ आहे. एकेका रुग्णाला अनेक ओळी लागत, त्यामुळे शीट लवकर भरली आणि पुढच्या ओळी गळून गेल्या. १५,८४१ बाधितांची नोंद वेळेत झाली नाही, त्यांच्या संपर्कातल्यांना शोधणं लांबलं. मिलमध्ये ६५ हजार ओळी होत नाहीत म्हणून मुनीमजींनी हे शांतपणे ऐकलं. पण ‘पुढच्या ओळी गेल्या आणि कोणाला कळलं नाही?’ असं त्यांनी दोनदा विचारलं.

मराठी अक्षरांचं दुखणं वेगळंच. मिलच्या शीटमध्ये शेतकऱ्यांची आणि गावांची नावं होती, ती नव्या मशीनवर इंग्रजी अक्षरांचा कचरा झाली. यात फाइल बिघडलेली नसते. शिवाजी, कृतीदेव, श्रीलिपी या जुन्या फॉण्टांमध्ये आत इंग्रजी अक्षरंच असतात, त्यांच्यावर देवनागरीचं चित्र चढवलेलं असतं. कृतीदेवमध्ये जे, के, ई ही तीन अक्षरं दाबली की ‘राम’ दिसतो. फॉण्ट नसेल तर रामाच्या जागी जे-के-ई. नव्या डब्यात तो फॉण्ट टाकला की नावं परत येतात आणि लोक सुटकेचा श्वास सोडतात. माझ्या मते तो घाईचा सुस्कारा आहे. कारण नव्या नोंदी युनिकोडमध्ये होणार, आणि तुमच्या-माझ्या डोळ्यांना सारखा दिसणारा ‘राम’ एक्सेलला दोन निराळे शब्द वाटणार. एकाचा शोध घेतला तर दुसरा सापडणार नाही, एकाच शेतकऱ्याची दोन खाती होतील.

शिवाय क्रम. कृतीदेवची यादी अकारविल्हे लावली की ती इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लागते: ब आधी, मग क, म, ह, प, र, स, व, त, ज, न, ग, ल. मुनीमजींनी वीस वर्षं बाबुराव काशीरामच्या आधी पाहिले आणि त्यांना तोच क्रम पाठ झाला. बाबूने सगळी नावं परिवर्तक वापरून युनिकोडमध्ये आणली, जोडाक्षरं आणि रफार हाताने तपासले, यादी खऱ्या वर्णमालेत लावून दिली. मुनीमजींना आता नावं सापडेनात. ‘पहिलेवाली लाइन लावून दे’ म्हणाले. बाबूने दिली नाही. इथे तो बरोबर होता, पण मला मुनीमजींचंही वाईट वाटलं.

जुनंच ऑफिस नव्या डब्यात बसवून द्या, असा आग्रह अनेकांचा असतो. एक्सेल २००३ किंवा २००७ विंडोज ११ वर पुष्कळदा बसतंही. पण सीडी घालायला नव्या मशीनला खिडकी नसते, परवान्याचा क्रमांक डब्याच्या खोक्याबरोबर रद्दीत गेलेला असतो, आणि मूळ सीडी मुळात कोणाकडे होती? मग कोणीतरी इंटरनेटवरून उतरवलेलं, कुलूप तोडलेलं ऑफिस घालून देतं, आणि त्याच्याबरोबर काय आलं हे फायली कुलूपबंद होऊन खंडणीची चिठ्ठी येते तेव्हा कळतं. पैसे नसतील तर लिब्रेऑफिस घ्यावं. त्याचे मेनू वेगळे आहेत, आठ दिवस चिडचिड होते, एवढंच.

बाबूची स्वतःची पद्धत साधी आहे. जुना डबा चालू आहे तोवर विकायचा नाही, फॉरमॅट तर मुळीच करायचा नाही. डबाच बंद पडला असेल तर हार्डडिस्क काढून यूएसबीच्या अडॅप्टरला लावायची आणि तिच्यावर काहीही न लिहिता आधी नक्कल घ्यायची. मग जुन्या मशीनवर सरत्या हंगामाची शीट उघडून तिच्या बेरजा कागदावर छापायच्या: एकूण कट्टे, एकूण क्विंटल, एकूण पोती, सर्वांत जुनी आणि सर्वांत नवी तारीख, ओळींची संख्या. तीच फाइल नव्यावर उघडून आकड्याला आकडा लावायचा. सगळे जुळले तरच नव्या रूपात सेव्ह, आणि जुनी फाइल तशीच बाजूला. याचे तो जादा पैसे घेतो, आणि गिऱ्हाईक हमखास विचारतं, ‘शीट तर खुलली ना, मंग पैसे कशाचे?’

मुनीमजींच्या शीटवर हा पडताळा करताना सगळं जुळलं. जुन्यावर जे उत्तर तेच नव्यावर. तरी बाबू एका सूत्रावर थबकला. गोदामाला गेलेल्या तांदळाचं निव्वळ वजन काढताना भरल्या पोत्यांच्या वजनातून पोतीसंख्या गुणिले ०.६६५ असं वजा केलेलं होतं. ‘हे काय आहे जी?’ मुनीमजी म्हणाले, ‘बारदान्याचं वजन. ६६५ ग्रॅम.’ पन्नास किलोच्या तागाच्या पोत्याचं मानक वजन एके काळी तेवढंच होतं. पुढे हलकी पोती आली, ५८० ग्रॅमची. त्यांचं मानक २०१४ चं आहे. सूत्रात कोणी हात घातला नाही. आकडा कुठल्या चौकटीत लिहिलेला असता तर कोणाला दिसला असता. तो सूत्राच्या पोटात होता.

बाबूने मोबाइलवर गुणाकार केला. पोत्यामागे ८५ ग्रॅम, हजार पोत्यांमागे ८५ किलो. गोदामात जितका तांदूळ खरोखर जात होता त्याहून तेवढा कमी गेल्याचं शीट सांगत होती. म्हणजे हंगामाच्या शेवटी तेवढा माल कागदावर शिल्लक आणि मिलमध्ये नाही. पैशांचा घोळ झाला नव्हता, कारण गोदाम आपल्या काट्याचं वजन धरतं. पण मुनीमजी दर सप्टेंबरला ती शिल्लक ‘घट’ म्हणून काढून टाकत होते आणि मालकांना उंदरांचं कारण सांगत होते.

मालक टेबलाच्या पलीकडे बसूनच हे ऐकत होते. ‘मुनीमजी,’ ते म्हणाले, ‘म्हणजे मी दरसाल औषध उगीच आणत होतो?’

‘उंदीर पण होते जी,’ मुनीमजी म्हणाले, आणि बाबूला सांगितलं की बारदान्याचं वजन वेगळ्या चौकटीत लिही, पण जुन्या सालांच्या शीटला हात लावू नको, त्यांच्यावर ऑडिटच्या सह्या झाल्या आहेत.